आवाज कुठनं आला?

११ ऑगस्ट २०२४, रविवार. तारीख पक्की लक्षात राहिली कारण दोन दिवस आधी नागपंचमी होती आणि आठवडाभराच्या तापानंतर त्या दिवशी मी पहिल्यांदा चव लागून जेवलो होतो, पुरणाची दिंडं, वर तूप. ताप म्हणजे काय विशेष नव्हता, घसा, सर्दी, अंग मोडून येणं, घरात आधी पोरीला झालं, मग हिला, मग मला, व्हायरल व्हायरल म्हणतात ते. डाव्या कानात शनिवारी रात्री जरा दडा बसल्यासारखं वाटत होतं, म्हटलं सर्दी उतरली असेल कानात, जाईल.

रविवारी पहाटे कुशीवर वळलो आणि खोली सुटली. ट्यूबलाइट, कपाट, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं एका बाजूला वाहायला लागलं, वाहून गेलं की झटक्यात जाग्यावर आणि परत वाहायला सुरुवात. डोळे मिटले तरी थांबेना, उलट आतल्या आत आणखी जोरात. मला पहिल्यांदा वाटलं भूकंप. हसू नका, आम्ही कराडचे, कोयनेच्या हादऱ्यांची सवय असलेली माणसं, १९६७ चा भूकंप आई अजून काल झाल्यासारखा सांगते. मी हिला हलवून म्हटलं उठ, हादरा बसतोय. ती उठून बसली, इकडंतिकडं बघितलं, म्हणाली अहो कुठाय हादरा? शेजारच्या स्टुलावरचा पाण्याचा तांब्या गप उभा होता, त्यातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं.

मग उलट्या. आठ-नऊ तरी झाल्या असतील, शेवटी नुसतं पिवळं पाणी. संडासापर्यंत रांगत गेलो, हो, रांगतच, कारण उभं राहिलं की डावीकडं जाऊन भिंतीवर आपटत होतो, कुणीतरी ओढल्यासारखं. हिने माझा चेहरा हातात धरून बघितलं आणि घाबरून म्हणाली तुमची बुबुळं नाचतायत. बुबुळं एका बाजूला सरकून झटका देऊन परत येत होती, ती हिला बाहेरनं दिसत होती आणि मला आतनं खोली फिरताना दिसत होती, म्हणजे दोघं एकच गोष्ट दोन बाजूंनी बघत होतो, हे खूप नंतर कळलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रविवार असून दवाखाना उघडला हेच उपकार. बीपी बघितलं, ईसीजी काढला, हात वर करा, हसून दाखवा, नाव सांगा असं करून पॅरालिसिस नाही ना ते बघितलं, चक्कर-उलटी थांबवणाऱ्या स्टेमेटिलचं इंजेक्शन आणि सलाईन. व्हर्टिगो आहे म्हणाले. मी म्हटलं कानात दडा बसलाय, त्यांनी बॅटरीने बघितलं, म्हणाले थोडा मळ आहे, सर्दीपण आहे, थेंब लिहून देतो. आणि मीपण त्यावर समाधान मानलं कारण मला त्या क्षणी कानाचं काही पडलंच नव्हतं हो, जग थांबवा एवढंच मागणं होतं. चक्कर ही गोष्ट एवढा आरडाओरडा करते की शेजारी कान मुकाट्याने मरून जातो आणि घरात कुणाला पत्ता लागत नाही.

पुढचे चार-पाच दिवस अंधाऱ्या खोलीत. आईने लसूण घालून तेल कोमट केलं आणि कानात सोडलं. (हे करू नका. मी आईला कसं नाही म्हणणार म्हणून केलं, तुम्ही करू नका.) मावशीने सांगितलं मान धरून झटका देणारा एक माणूस आहे, यूट्यूबवर व्हिडिओपण आहेत, डोकं फिरवलं की चक्कर गायब. डोकं ठरावीक पद्धतीने फिरवून चक्कर जाते हे खरं आहे पण वेगळ्या आजारासाठी, कानातले बारीक खडे जागा सोडून फिरतात त्यासाठी, त्यात चक्कर मिनिटभर येते आणि जाते आणि ऐकू कमी येत नाही. माझी चोवीस तास होती.

बहिरेपण सापडलं ते बहिणीच्या फोनमुळं. आमचं प्लंबिंग फिटिंगचं दुकान आहे, पाईप, नळ, व्हॉल्व्ह, टाक्या. दुकानात उजव्या हाताने बिल लिहायचं म्हणून फोन कायम डाव्या हातात, डाव्या कानाला, वीस वर्षांची सवय. शुक्रवारी, १६ तारखेला, बहिणीचा फोन आला, सोमवारी राखी होती. उचलला, कानाला लावला, काहीच नाही. हॅलो हॅलो करून ठेवला. परत आला, परत काही नाही. तिसऱ्यांदा ठेवल्यावर तिने हिला फोन केला, वहिनी, दादा फोन का कापतोय, काय झालंय का, मी काही चुकीचं बोलले का. हिने माझ्या हातातला फोन घेऊन स्पीकरवर टाकला तर खणखणीत आवाज. डाव्या कानाला लावला, गेला. उजव्याला, आला. डाव्याला, गेला. मी दहा वेळा तरी केलं असेल ते, बटण चालू-बंद करून बघितल्यासारखं. मग कानाजवळ बोटं चोळून बघितली, चुटकी वाजवली. चुटकी वाजत होती, पण उजवीकडं वाजत होती. हात डावीकडं आणि आवाज उजवीकडं.

आणि मजा बघा, दोनच महिने आधी, जून २०२४ मध्ये, अलका याज्ञिक यांनी जाहीर केलं होतं की विमानातनं उतरल्यावर त्यांना अचानक ऐकू येईनासं झालं आणि डॉक्टरांनी व्हायरल हल्ल्यानंतरचा नसेचा बहिरेपणा सांगितला. ती बातमी मी स्वतः घरच्या ग्रुपवर टाकली होती, पोरीला टोमणा म्हणून, कारण त्यांनी मोठ्या आवाजात गाणी आणि हेडफोनबद्दलपण इशारा दिला होता. बातमीतला अचानक हा शब्द मी वाचलाच नव्हता बहुतेक.

शनिवारी कान-नाक-घसावाल्यांकडं. त्यांनी आधी कानात बघितलं, मळ किरकोळ होता तो काढला, पडदा शाबूत. मग म्हणाले तोंड मिटून हूंऽऽऽ असा आवाज काढा आणि सांगा कुठल्या कानात ऐकू येतो. उजव्यात, म्हटलं. मग लोखंडी चिमट्यासारखा ट्यूनिंग फोर्क ठोकून कपाळाच्या मधोमध टेकवला, तोपण उजव्यातच. नुसता मळ किंवा सर्दीचा दडा असता तर हा आवाज बंद कानातच जास्त घुमला असता, म्हणाले. तुम्ही आत्ता बोट घालून एक कान बंद करा आणि हूं करून बघा, बंद केलेल्या कानात घुमतो की नाही? माझा घुमला नाही, तो चांगल्या कानाकडं पळाला, म्हणजे भानगड पडद्याच्या आत, नसेच्या बाजूला. एवढी साधी गोष्ट. पैसा लागत नाही, मशीन लागत नाही. आधीच्या रविवारी मला कुणी हूं करायला सांगितलं असतं तर सहा दिवस वाचले असते असं अजून रात्री कधीतरी डोक्यात येतं.

मग त्या काचेच्या खोलीत ऑडिओमेट्री. हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. उजव्या कानात पटापट दाबलं. डाव्याच्या वेळी उजव्या कानात शूऽऽ असा आवाज सोडून ठेवतात, चांगल्या कानाने चोरून ऐकू नये म्हणून, आणि मग मी बसून राहिलो. बटण हातात, समोर काचेपलीकडं त्या मॅडम मशीनवर काहीतरी फिरवतायत, त्यांचा हात हलतोय म्हणजे आवाज सोडतायत हे मला दिसतंय आणि कानात काही नाही. परीक्षेत पेपर कोरा ठेवून बसल्यासारखं. मध्ये एकदोनदा तर मी उगाच दाबलं, लाजेने. रिपोर्ट आला, डावा कान सरासरी ८५ डेसिबल. वीस-पंचवीसच्या आत असलं की नॉर्मल धरतात.

डॉक्टरांनी विचारलं किती दिवस झाले, मी म्हटलं सात. म्हणाले पहिल्या दिवशी आला असता तर जास्त आवडलं असतं, पण दोन आठवड्यांच्या आत आहात, लगेच चालू करू. बहात्तर तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींना तीस डेसिबल किंवा जास्त ऐकणं कमी झालं तर त्याला अचानक आलेला नसेचा बहिरेपणा म्हणतात आणि ती इमर्जन्सी समजायची असते, हार्टचं दुखणं जसं सकाळपर्यंत ठेवत नाही तसं. बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही. माझ्यात ताप, मग चक्कर आणि कान दोन्ही एकदम, म्हणून लॅबिरिंथायटिस म्हणाले, आतल्या कानाला सूज. आतल्या कानात ऐकायचा शंख आणि तोल सांभाळायच्या तीन वाटोळ्या नळ्या एकमेकांना जोडलेल्या, एकाच पाण्यात. नुसत्या तोलाच्या नसेला सूज आली तर चक्कर येते पण कान वाचतो. आमच्या धंद्यात सांगायचं तर एकाच टाकीवर दोन लाईनी होत्या आणि टाकीच बिघडली.

चक्कर का, तर दोन्ही कान मेंदूला सारखा रिपोर्ट पाठवत असतात, डोकं कुठं वळलं, किती वळलं. तागडीची दोन पारडी समजा. डावं पारडं एकदम रिकामं झालं की मेंदूला वाटतं आपण उजवीकडं गरगर फिरतोय, आणि तो बिचारा डोळ्यांना त्या हिशोबाने हलवत राहतो.

प्रेडनिसोलोन, ६० मिलिग्रॅम रोज सकाळी नाश्त्यानंतर, दहा दिवस, मग हळूहळू कमी. स्टिरॉइड म्हटल्यावर घरात सगळ्यांचे चेहरे पडले, वडिलांना शुगर होती त्यामुळं मलाही धाकधूक, आणि गेलीच शुगर दोनशेच्या वर, ती रोज तपासायला लागली. झोप उडाली. रात्री दोन वाजता टक्क जागा, पोटात आग आणि भूक, एका रात्री मी डब्यातल्या सगळ्या दशम्या संपवल्या. चिडचिड एवढी की पोरगी माझ्यासमोर यायची बंद झाली.

एमआरआय कोल्हापूरला केला, नसेवर गाठ नाही ना आणि मेंदूच्या रक्तवाहिनीचं काही नाही ना हे बघायला. निघालं काही नाही. त्या मशीनच्या ठकठकाटाने लोक घाबरतात म्हणतात, मला अर्धाच ऐकू आला.

दहा दिवसांनी परत ऑडिओमेट्री, ८५ चे ७८. डॉक्टर म्हणाले आता पडद्यातनं आत इंजेक्शन देऊ. ऐकूनच घेरी येते, पण प्रत्यक्षात एवढं नाही. आधी पडदा बधिर करतात, मग बारीक सुई, आत डेक्सामेथासोन सोडतात, तेपण स्टिरॉइडच, कान वर करून अर्धा तास पडून राहायचं आणि गिळायचं नाही. गिळायचं नाही सांगितलं की पहिल्या मिनिटाला तोंडात लाळ येते. असे चार डोस, दोन आठवड्यांत. औषध आत गेलं की मिनिटभर खोली परत सुटायची, तेवढं भयंकर.

मधल्या मधे गणपती बसले, ७ सप्टेंबर. तोवर डाव्या कानात थोडी हालचाल सुरू झाली होती, पण काय हालचाल! हळू आवाज ऐकूच यायचा नाही आणि मोठा आवाज सुई टोचल्यासारखा घुसायचा, मधलं काही नाही. आरतीची घंटा उजव्या कानात एका सुरात आणि डाव्यात दुसऱ्याच फाटक्या सुरात, एकाच वेळी. झांजा वाजल्या की मी देवघरातनं उठून बाहेर. आणि या सगळ्याच्या खाली कायम एक आवाज, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी बारीक सूंऽ असते ना ती, पण शिट्टी कधीच होत नाही. तो आजपर्यंत आहे. हे लिहितानाही आहे. कर्णनाद म्हणतात त्याला, नाव छान आहे.

अनंत चतुर्दशीला मात्र मी घरात एकटा माणूस होतो ज्याला झोप लागली. उजवा कान उशीत दाबला की गल्लीतला डीजे, मंडळं, सगळं गायब, फक्त आपली सूं. हिने सकाळी सांगितलं रात्रभर खिडक्या थरथरत होत्या.

आता तोलाचं. इथं माझी स्वतःची एक मोठी चूक. स्टेमेटिलच्या गोळ्या मी दिवसातनं तीनदा घेत राहिलो, आधी डॉक्टरांकडनं आणि मग मेडिकलमधनं स्वतःच्या मनाने आणून, दीड-दोन आठवडे, आणि पडून राहिलो, कारण हललं की फिरायचं. या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उलट्या थांबवायला ठीक. त्यानंतर त्या मेंदूलाच झोपवून ठेवतात आणि मेंदू झोपला तर शिकणार कोण? कानाच्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि एका फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं, पोरगी माझ्या पुतणीएवढी, पण हेडमास्तरासारखी कडक. तिने पहिल्या दिवशी सांगितलं, काका, चक्कर येईल म्हणून तुम्ही हलत नाही, पण चक्कर आल्याशिवाय ती जाणार नाही.

व्यायाम म्हणजे काय तर पहिला, भिंतीवर एक अक्षर चिकटवायचं, हाताच्या अंतरावर उभं राहून त्यावर नजर ठेवायची आणि मान नाही नाही अशी हलवायची, मिनिटभर, दिवसातनं चार-पाच वेळा. पोरीने वहीच्या कागदावर मोठा क काढून दिला. पहिल्या दिवशी तो क दहा सेकंदांत भिंतीवर नाचायला लागला आणि मी बादली मागितली. मग मान हो हो अशी. मग हेच उभं राहून, मग पाय जोडून, मग गादीवर उभं राहून, कारण गादीवर पायाच्या तळव्यांना जमीन नीट कळत नाही. तोल तीन ठिकाणांहून येतो, डोळे, कान आणि पाय, त्यातलं एकएक काढून घेऊन बघायचं माणूस उभा राहतो का. ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी या दोघांनी डोक्याला मार लागून तोल गेलेल्या पेशंटसाठी असे व्यायाम बसवले होते, त्यांच्याच नावाने अजून ओळखतात, त्यात चेंडू या हातातनं त्या हातात टाकणंपण आहे. घरात चेंडू नव्हता म्हणून मी कांदा वापरला.

डोळे काढून घेतल्यावर काय होतं हे मला व्यायामाआधीच कळलं होतं. आंघोळीला बसायच्या ऐवजी एक दिवस शहाणपणा करून उभा राहिलो, तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि सरळ नळावर. भुवईला तीन टाके. तेव्हापासून बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल आणि भिंतीला धरायचा दांडा, दांडा अर्थात आमच्याच दुकानातला.

सकाळी प्रीतिसंगमावर चालायला जायला लागलो, आधी हिचा हात धरून. बागेतल्या वाटेवर सरळ चालायचं आणि चार पावलं उजवीकडं बघत, चार पावलं डावीकडं बघत. सुरुवातीला मी एवढा झुलत चालायचो की एका ओळखीच्या गृहस्थांनी भावाला विचारलं, सकाळी सकाळी घेतो का रे हा? हिला ते लागलं, मला नाही, मला तेव्हा कोण काय बोलतंय तेच कळत नव्हतं. ऑक्टोबरात एकटा चालू शकलो. दिवाळीनंतर स्कूटर, तीपण दिवसाच. अंधारात, खडबडीत जागेवर मी आजही सावकाश जातो, शेतावर बांधावरनं रात्री चालायचं तर बॅटरी पाहिजेच. एकदम वळलो तर जग एक क्षण मागं राहतं आणि मग येऊन मिळतं. बाकी तोल नव्वद टक्के आला म्हणेन. मेंदू शिकला.

कानाचं तसं नाही, तिथं जे मेलं ते मेलं. डिसेंबरात शेवटची ऑडिओमेट्री, सरासरी ६२. खालचे जाड आवाज बऱ्यापैकी परत आले, वरचे बारीक नाही, तिथं अजून ऐंशी-नव्वद. म्हणजे डाव्या कानाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. स, श, फ, ट असली अक्षरं गायब. तुम्हाला वाटेल त्याने काय बिघडतं. प्लास्टिकच्या पाईपला आट्याचं जोडायचं तर एमटीए लागतो किंवा एफटीए लागतो, एकाला आटे बाहेरनं, एकाला आतनं. एम आणि एफ. गिऱ्हाईक डावीकडनं बोललं की मला दोन्ही ए-म्म-टीए. पहिल्या महिन्यात किती माल परत आला असेल त्याचा हिशोब नाही.

लोक म्हणतात एक कान आहे की. मीपण आधी तसंच समजत होतो, दोनातला एक गेला म्हणजे निम्मं ऐकू येणार. तसं होतच नाही. आवाज पुरतो एका कानाला, पण दिशा पुरत नाही. आवाज एका कानाला आधी पोचतो आणि दुसऱ्याला सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी वेळाने नंतर, त्या फरकावरनं मेंदू ठरवतो कुठनं आला. एक कान काढला की सगळं जग उजवीकडं येऊन बसतं. घरात फोन वाजला तर मला वाजलेला कळतो पण सापडत नाही. मी तिन्ही खोल्यांत फिरतो, आणि पोरगी मागनं थंड, थंड, गरम, गरम, परत थंड, असं लहानपणी लपवालपवी खेळायचो तसं ओरडते. रस्त्यावर त्याचा खेळ होत नाही. नोव्हेंबरात ऊस चालू झाला की आमच्या रस्त्यांना ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या, वर कर्णकर्कश गाणी, मला तो ट्रॅक्टर कायम उजव्या हाताला असतो, मग तो कुठूनही येऊ दे. एकदा डावीकडनं आलेल्या दुधवाल्याच्या बाईकखाली जाता जाता वाचलो. आता रस्ता ओलांडताना पहिलीतल्या पोरासारखा उजवीकडं, डावीकडं, परत उजवीकडं.

आणि गर्दी. शांत खोलीत समोरासमोर मी कुणालाही कळू देणार नाही. पण लग्नाचा हॉल, चार जणांच्या गप्पा, दुकानात वजनकाट्याशेजारी मशीन चालू असलं की सगळे आवाज एका पोत्यात भरल्यासारखे, त्यातनं माणूस वेगळा काढता येत नाही. संध्याकाळी नुसतं ऐकून दमायला होतं, हे कुणाला सांगून पटत नाही. पंगतीत मी डावीकडची शेवटची जागा धरतो म्हणजे सगळी माणसं उजवीकडं. जे डावीकडनं हाक मारतात आणि मी बघत नाही त्यातले दोघं तरी म्हणाले असतील दुकान चाललंय तर माज आला. सुरुवातीला मी नुसतं हसून मान हलवायचो, न ऐकता. त्यात एकाला साडेतीन हजार उधार दिले, तेव्हापासून सरळ सांगतो, हा कान गेलाय, इकडनं बोला.

ऐकायचं मशीन लावून बघितलं. साधं मशीन डाव्या कानात लावलं तर आवाज येतो पण पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा, शब्द सुटा होत नाही, कारण नुसतं ऐकणं कमी झालं नाही, शब्द समजणंही खराब झालंय. दुसरं एक असतं, डाव्या कानावर माईक आणि तो आवाज उजव्या कानात पाठवतात, क्रॉस म्हणतात. आठवडाभर ट्रायलला घेतलं, त्याने डावीकडचं गिऱ्हाईक ऐकू आलं, चांगलं ऐकू आलं, पण दिशा नाहीच मिळत, आणि किंमत लाखाच्या पुढं. अजून ठरवलेलं नाही. एकाने सांगितलं अपंगाचा दाखला काढ. चौकशी केली, २०१६ च्या कायद्यात बहिरेपण दोन्ही कानांचं धरतात, ऐकू कमी येणाऱ्यातसुद्धा दोन्ही कानांत साठ डेसिबलच्या पुढं गेलेलं असावं लागतं. एका कानाचे आम्ही कुठल्याच खात्यात नाही, बहिऱ्यांतही नाही आणि चांगल्यांतही नाही. फुकटचा एक फायदा मात्र सांगतो, मोबाईलच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ म्हणून असतं ते चालू करा, मग दोन्ही बाजूंचं गाणं एकाच कानात पूर्ण येतं. मला ते चार महिने माहीत नव्हतं आणि मी तबल्याशिवाय अभंग ऐकत होतो.

दुकानात काउंटर फिरवून घेतला. भाऊ आणि दुकानातला पोरगा दोघांनी एका सोमवारी, आठवडी सुट्टीच्या दिवशी, गल्ला उलट्या बाजूला नेला, आता गिऱ्हाईक आत आलं की माझ्या उजव्या हातालाच येतं. शिडीवर पोरगा चढतो, वरच्या कप्प्यातले चार इंची एल्बो आणि टी काढायला वर मान करून हात लांब करायचं काम मला अजून जमत नाही.

काउंटर फिरवला आणि तिसऱ्या दिवशी आमचे जुने मिस्त्री आले. साठीचे आहेत, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडनं माल नेतात. आत आले आणि उभेच राहिले, इकडं सरकले, तिकडं सरकले, जागा सापडेना. म्हणाले शेठ, माझा कोपरा कुठं नेला? मला कळेना कसला कोपरा. तर म्हणाले लहानपणी गालफुगी झाली होती, डावा कान तेव्हापासून नाही, ठार. तुमच्या जुन्या काउंटरच्या त्या टोकाला भिंतीला टेकून उभं राहिलं की तुम्ही उजवीकडं यायचा आणि रस्त्याचा आवाज भिंतीकडं राहायचा. वीस वर्षं हा माणूस माझ्या दुकानात त्या एकाच कोपऱ्यात उभा राहत होता आणि मला वाटायचं टेकायला बरं पडतं म्हणून.

मी म्हटलं मामा, माझापण डावाच गेला. त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. मग आम्ही बोलायला लागलो, ते उजवा कान माझ्याकडं करतात, मी उजवा कान त्यांच्याकडं करतो, दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला, एक जण नळाच्या रॅककडं बघून बोलतोय आणि एक जण रस्त्याकडं. शिडीवर बसलेल्या पोराला एवढं हसू आलं की हातातलं कपलिंगचं पाकीट खाली पडलं, आणि आम्ही दोघांनी वळून चुकीच्या बाजूला बघितलं.

आता त्यांची ऑर्डर खुणेने चालते. एक बोट वर केलं की एमटीए, मूठ केली की एफटीए, नगाचा आकडा दुसऱ्या हाताने. परवा बाराची ऑर्डर होती, त्यांनी आधी दहा दाखवले, मग दोन, आणि माझ्या पोराने बांधले बावीस. त्याला दोन्ही कान आहेत.